अर्धा ओढलेला हँडब्रेक

मागचं डावं चाक हवेत होतं आणि गरगर फिरत होतं. मागचं उजवं चांगलं खडकावर टेकलेलं, सगळा भार पेलणारं, पण ढिम्म. पुढेही तीच गत, फक्त बाजू उलट: उजवं अधांतरी, डावं स्वस्थ. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. फिरणारी चाकं आणखी जोरात फिरली, टेकलेल्यांनी दखलही घेतली नाही. फोर बाय फोर गाडी, लो गिअर, इंजिन ठणठणीत, आणि आम्ही दगडांच्या चरात तिरके लटकलेलो. मला वाटलं, एक्सल तुटला.

"काही तुटलं नाही पोरी," शेजारून उस्ताद म्हणाले. "डिफरन्शियल आपलं काम चोख करतंय. म्हणून तर अडकलोय."

मग त्यांनी हात लांबवून हँडब्रेक ओढला. पुरता नाही, तीन-चार वेळा 'कट्' वाजेपर्यंत. "आता दे. हळू, पण सोडू नकोस." हवेतल्या चाकाचा वेग मंदावला, मागचं उजवं थरथरलं, टायरखालून एक खडा सणकन उडाला आणि जीप चरातून बाहेर आली.

भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीतलं ते माझं पहिलं वर्ष. पुढे बरीच वर्षं मी तो हँडब्रेक जादूच्या कांडीसारखा मनात जपून ठेवला. त्याचा खरा उलगडा झाला तो फार उशिरा, ऑफिसनं नव्या पिकअपच्या मागणीचा फॉर्म माझ्या टेबलावर आणून टाकला तेव्हा. फॉर्ममध्ये एक ओळ होती: मागील डिफरन्शियल लॉक किंवा ट्रॅक्शन कंट्रोल, एकावर खूण करा. दोन चौकोन. मी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

डिफरन्शियल ही मुळात वळणासाठी केलेली सोय आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला मोठा फेरा पडतो, आतल्याला छोटा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला फरफटत जावं लागणार. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये वाफेवरच्या गाडीसाठी यावर जे उत्तर काढलं, तेच आज आपल्या गाड्यांच्या पोटात आहे: मधे छोटी दातेरी चाकं, ती दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतात आणि वेग मात्र ज्याचा त्याला ठरवू देतात. घड्याळजीच्याच डोक्यातून निघावी इतकी नेटकी गोष्ट.

गोम त्या 'सारखाच' या शब्दात आहे. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जोर लागतच नाही, जवळजवळ शून्य. मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळणार, शून्य. आपण म्हणतो की सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे गेली. ताकद कुठेच गेलेली नसते; ती मागणारंच कुणी नसतं. दोघांतला दुबळा जेवढं पेलू शकेल तेवढंच दुसऱ्याच्या पदरात पडतं. सपाट रस्त्यावर हे कधी लक्षातही येत नाही. चिखलात, वाळूत, खडकात मात्र दुसरं काही लक्षात येतच नाही.

यावर दोन उपाय आहेत, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला त्यातला एकही नवा नाही. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. रस्त्यावर जाताना दोन्ही एका पट्टीनं जोडून टाकायचे, शेतात सोडवायचे. एक चाक ओल्या सरीत घुमायला लागलं की फक्त त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा. डिफरन्शियलला वाटतं या बाजूला बराच भार आहे, आणि ते तेवढाच जोर दुसऱ्या बाजूला देतं. शिवाय टाचेजवळ एक तिसरा छोटा पेडल असतो. तो दाबला की दोन्ही अर्धे एक्सल एकमेकांत अडकतात, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, आणि सारख्या जोराचा तो करारच रद्द होतो. पहिला उपाय पायाऐवजी संगणकानं केला की ते आजचं ट्रॅक्शन कंट्रोल, दुसरा डिफरन्शियल लॉक. एकाच सीटखाली दोन्ही.

फरक आकड्यांत बघितला की मला जास्त कळतो. समजा चिखलातलं चाक १०० न्यूटन-मीटरच (फिरवण्याचा जोर मोजायचं हे माप) पेलतं आणि चढ चढायला एकूण ६०० लागतात. नुसत्या डिफरन्शियलवर १०० अधिक १००, म्हणजे २००. गाडी जागच्या जागी. ट्रॅक्शन कंट्रोलनं घसरणाऱ्या चाकाला ४०० चा ब्रेक लावला, तर त्या बाजूला ५०० चा भार दिसतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही ५०० जातात. जमिनीवर पडले १०० आणि ५००. गाडी निघाली! पण वरून १००० यावे लागले आणि त्यातले ४०० ब्रेकच्या पॅडमध्ये जळले. लॉक लावला असता तर? चिखलातलं चाक त्याचे १०० घेतं, खडकावरचं ५०० घेतं, वरून ६०० आले तरी पुरतात. जळत काही नाही. फक्त लॉकमध्ये जवळजवळ सगळा जोर एकाच बाजूच्या अर्ध्या एक्सलवरून जाऊ शकतो, आणि त्या एक्सलनं तो सोसायला हवा.

कागदावर बघाल तर लॉक सरळसरळ जिंकतो. मीही तरुणपणी त्याच पक्षाची होते. ट्रॅक्शन कंट्रोलवाल्या गाडीला मी मनातल्या मनात 'शहरातली' म्हणायचे.

मग एका मोहिमेवर भाड्याची गाडी मिळाली, लॉक नसलेली, इलेक्ट्रॉनिक्सनं भरलेली. पहिल्या दिवशी मी तिला शिव्या घातल्या, कारण चूक माझी होती. चाक घुमायला लागलं की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा. वर्षानुवर्षांची सवय, आणि साध्या गाडीत ती बरोबरही आहे. इथे मात्र पाय काढला की चाकाचं घुमणं थांबतं, घुमणं थांबलं की संगणक ब्रेक सोडतो, आणि गाडी मागे घसरते. त्याला काम करायला घसरण लागतेच. पाय तसाच धरून ठेवायचा, इंजिन ओरडू द्यायचं, खालून एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाचा तो कर्रर्र-टकटक आवाज, एखाद्यानं पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, आणि दीड-दोन सेकंदांनी गाडी अंग झाडून पुढे. ते दीड-दोन सेकंद पाय न हलवता बसायला मला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी मात्र ती मला आवडायला लागली. ओल्या मातीच्या वळणावळणाच्या वाटेवर, जिथे घसरण इथे थोडी, तिथे थोडी, कधी डावीकडे कधी उजवीकडे, तिथे लॉक सारखा लावा-काढा करत मी वैतागले असते. ही आपली मुकाट्यानं चारही चाकांकडे बघत होती, पुढच्यांकडेसुद्धा, आणि स्टेअरिंग हातात हलकंच राहत होतं.

सहाव्या दिवशी एक लांब चढ लागला. ओढ्याचं जुनं पात्र, तिरके खड्डे, प्रत्येक दहा फुटांवर एक चाक हवेत. वीसेक मिनिटं तिनं इमानानं काम केलं. मग ब्रेक जळल्याचा वास आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्शन कंट्रोलनं रजा घेतली. ब्रेक किती तापले असतील याचा संगणक अंदाज बांधत असतो. हद्द झाली की तो स्वतःहून थांबतो, कारण उतरताना लागणारे ब्रेकही तेच. शहाणपणाचं आहे. पण आम्ही तेव्हा चढाच्या बरोबर मधोमध होतो, आणि गार होईपर्यंत दगडावर बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. ते ४०० कुठे जळतात ते त्या दिवशी नाकानं कळलं.

वाळूचं आणखी निराळं. ट्रॅक्शन कंट्रोल आधी घसरू देतं, मग सावरतं, आणि वाळूत तेवढ्या वेळात चाक स्वतःपुरता खड्डा खणून मोकळं होतं. त्यात गाडी रस्त्याच्या मोडमध्ये राहिली असेल तर संगणक ब्रेक लावायच्या जोडीला इंजिनचीही ताकद कापतो, म्हणजे जिथे रेटा हवा तिथेच दम काढून घेतो. अर्थात वाळूत लॉक की कंट्रोल हा वाद घालण्याआधी टायरमधली हवा काढावी. रस्त्यावरच्या ३५ पीएसआयवरून १५-१८ वर आणली की अर्धे प्रश्न उरतच नाहीत. ही फुकटची गोष्ट सोडून लोक बाकी सगळं करतात.

आता लॉकबद्दल. उस्तादांचा एकच नियम होता: चाक घुमायला लागल्यावर लॉकला हात लावायचा नाही. आत दाते दात्यांत बसायचे असतात. एक बाजू उभी आणि दुसरी गरगरत असताना ते एकमेकांवर आपटले तर दाते तरी जातात, नाहीतर एक्सल. म्हणून ते अवघड जागेच्या अलीकडेच गाडी थांबवायचे. उतरायचे. चढ पायी चढून जायचे, मधे कुठे तरी उकिडवे बसून ओंजळभर माती दाबून बघायचे, एखादा दगड पायानं ढकलून बघायचे हलतो का. परत यायचे, लॉक लावायचे, आणि मग चालतच गेल्यासारखी गाडी वर न्यायचे. चाक घुमायचंच नाही. मला वाटायचं ही लॉकची करामत. आता वाटतं, त्यातली निम्मी करामत त्या पायी फेरीची होती. लॉक आधी लावावा लागतो, म्हणून आधी उतरावं लागतं. ट्रॅक्शन कंट्रोलच्या गाडीत मी कधी उतरून बघितल्याचं मला आठवत नाही.

लॉकची दुसरी बाजू मी उस्ताद निवृत्त झाल्यावर शिकले, ओल्या चिकणमातीच्या आडव्या उतारावर. गाडी कुशीनं उताराला, डावी बाजू खाली. वाट निसरडी म्हणून मी मोठ्या हुशारीनं मागचा लॉक लावून ठेवला होता. मधोमध आल्यावर मागची दोन्ही चाकं एकदम सुटली आणि गाडीचं ढुंगण शांतपणे, कसलाही आवाज न करता, खाली सरकायला लागलं. स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही, कारण घसरत होतं ते मागचं. पाच-सहा फूट गेल्यावर खालचं चाक एका दगडाला टेकलं. मी इंजिन बंद करून वरच्या बाजूच्या दारातून उतरले आणि बराच वेळ नुसती उभी राहिले.

टायरची पकड ही एकच पुंजी असते. ती पुढे ढकलण्यात खर्च झाली की आडवं धरून ठेवायला काही उरत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घुमतं तेव्हा दुसरं उभं असतं, आणि ते उभं चाकच गाडीला उतारावर धरून ठेवतं. ज्याला मी ढिम्म म्हणून हिणवलं तेच. लॉक लावला की दोघं एकत्र फिरतात आणि एकत्रच सुटतात. त्या दिवशी लॉक नसता तर गाडी बहुतेक जागीच घुमत राहिली असती, आणि मी वैतागले असते, इतकंच.

पुढच्या एक्सलला लॉक लावणारे लोक आहेत, मला त्यांचं कौतुक आहे, पण मी त्यांच्यातली नाही. लावला की स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, गाडी सरळच जायला बघते, आणि चाकं पुरती वळवलेली असताना जोर दिला तर पुढचे जॉइंट तुटायची पाळी. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये मधला (म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलांमधला), मागचा आणि पुढचा अशी लॉकची तीन बटणं असतात आणि ती त्याच क्रमानं दाबायची असतात. पुढचा शेवटी, तो का, हे एकदा वापरलं की कळतं.

हँडब्रेकचं कोडं मात्र फॉर्म भरताना सुटलं. आकडे मांडता मांडता मी सहज म्हणून उस्तादांची युक्तीही मांडून बघितली, आणि ती जमेना. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो. समजा दोन्हींना २००. हवेतल्या चाकाच्या बाजूला २०० चा भार दिसला, म्हणून टेकलेल्या चाकाकडे २०० गेले, पण त्या चाकावरही २०० चा ब्रेक आहेच की! वजाबाकी शून्य. ट्रॅक्टरचा एकाच बाजूचा ब्रेक चालतो, दोन्हीकडचा चालू नये. आणि मी तर स्वतःच्या डोळ्यांनी जीप बाहेर पडताना पाहिली होती.

मी उस्तादांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या जीपच्या मागच्या हौसिंगमध्ये प्लेटा होत्या ना. झिजलेल्या, पण होत्या."

लिमिटेड स्लिप! म्हणजे आत क्लच प्लेटांची जोडी असलेलं डिफरन्शियल, जे मंद चाकाला वेगवान चाकापेक्षा काही पट जास्त जोर देतं. चाक अगदी हवेत असेल तर शून्याची काही पट शून्यच, आणि प्लेटा झिजलेल्या असल्या की मूळची थोडीफार पकडही उरत नाही. पण हँडब्रेकनं त्या शून्याचे २०० केले. समजा अडीच पट, तर टेकलेल्या चाकाकडे ५०० गेले, त्यातून ब्रेकचे २०० वजा, उरले ३००. जीप बाहेर. अमेरिकी सैन्याच्या हमव्हीलाही टॉर्सन जातीची डिफरन्शियल असत, याच कुळातली पण प्लेटांऐवजी गिअरवर चालणारी, आणि तिच्या ड्रायव्हरांना एका पायानं ब्रेक हलकेच दाबून दुसऱ्यानं जोर द्यायला शिकवत. तीच युक्ती. "मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तू विचारलं कुठे? तू तर टाळ्या वाजवत होतीस."

फोन ठेवल्यावर फॉर्म परत पुढे ओढला. आता प्रश्न माझ्या आवडीचा नव्हता. ती पिकअप मी एकटी चालवणार नव्हते. आमच्याकडे पाच जण आलटून पालटून गाड्या नेतात, त्यातले दोघं नुकतेच लागलेले. लॉक लावून ठेवला आहे हे विसरून डांबरी रस्त्यावर वळण घेणारा माणूस मी पाहिला आहे. टायर किंचाळतात, एक्सलमध्ये पीळ साठतो, आणि मग लॉक निघता निघत नाही. थोडं मागे घ्या, स्टेअरिंग डावं-उजवं करा, तेव्हा कुठे सुटतो. ट्रॅक्शन कंट्रोल विसरता येत नाही, कारण ते लक्षात ठेवायचंच नसतं. बोअरिंगच्या आमच्या मोठ्या सहा चाकी ओढीच्या ट्रकवर तर दोन लॉक आहेत, हवेच्या दाबावर चालणारे, एक मागच्या दोन एक्सलांच्या मधला आणि एक डाव्या-उजव्या चाकांमधला, आणि तो ट्रक आम्ही एकाच माणसाच्या हातात देतो. तिथे वाद नाही. इतकं वजन चिखलात असताना ब्रेक जाळत बसायला कुणाला परवडतं?

कंपन्यांचं गणित वेगळंच आहे, तेही मनात होतं. बॉशनं १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस गाडीत आणलं, पुढच्या दशकात त्याच सेन्सरांवर आणि पंपावर ट्रॅक्शन कंट्रोल उभं राहिलं, १९९५ मध्ये गाडी भरकटू न देणारं ईएसपी आलं, आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून, युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचंच झालं. पंप, सेन्सर, संगणक सगळं गाडीत आधीच बसलेलं. चिखलातलं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे त्यावर आणखी थोडा प्रोग्रॅम. लॉकला मात्र लोखंड लागतं. लँड रोव्हरनं १९९८ च्या दुसऱ्या पिढीच्या डिस्कव्हरीत मधल्या डिफरन्शियलचा लॉक लावायचा दांडा काढून टाकला, इलेक्ट्रॉनिक्स बघून घेईल म्हणून. काही वर्षांनी त्याच पिढीच्या गाडीत तो परत आला. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिच्यावरून लगेच लॉकच्या बाजूनं निकाल देऊ नये. तो दांडा मधला होता, आणि चाकाचाकांतलं काम त्या गाडीत पुढेही ब्रेकच करत राहिले.

शेवटी मी दोन्ही चौकोनांवर खूण केली आणि समासात लिहिलं, 'मागे लॉक, चारही चाकांना ट्रॅक्शन कंट्रोल, दोन्ही आवश्यक.' फॉर्म दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला.

गाडी आली. पुस्तिका वाचताना बारीक अक्षरांत सापडलं की मागचा लॉक लावला की ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, पुढच्या चाकांचंसुद्धा, आणि एबीएसही. अनेक गाड्यांत तसंच असतं; दोन्ही मागची चाकं एकत्र बांधलेली असताना संगणकाला सेन्सरांचे आकडे उमगत नाहीत. म्हणजे दोन्ही मिळाले, पण एका वेळी एकच. दोन चौकोनांतला एक निवडायचं काम मी कागदावरून उचलून डॅशबोर्डवर नेऊन ठेवलं होतं, एवढंच झालं.

पहिल्या पावसानंतर तिला त्याच दगडांच्या चरात नेलं. उतरले, पायी वर जाऊन आले, लॉकचं बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला. दाते अजून समोरासमोर आले नव्हते. गाडी वीतभर पुढे घेतली, खालून 'टक्' असा आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. मागचं डावं उचललं गेलं तेव्हा ते घुमलं नाही, उजव्याच्या बरोबरीनं संथ फिरत राहिलं. तरी माझा डावा हात सवयीनं खाली, दोन सीटांच्या मधे गेला. तिथे दांडा नव्हता. अंगठ्याएवढं एक बटण होतं, वर ओढलं की ब्रेक पुरता लागतो, खाली दाबलं की पुरता सुटतो.